महेश्वर: इंदूरच्या मराठी घरांना पाहुणे विचारतात ते प्रश्न

इंदुरात मराठी घर असलं की दिवाळीपासून होळीपर्यंत पाहुण्यांची ये-जा चालूच असते. सराफ्यातलं आणि छप्पन दुकानांतलं खाणं झालं, राजवाड्यासमोर फोटो झाले, की पुढचा विषय महेश्वर. पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून फोनवर विचारले जाणारे आणि इथल्या जेवणाच्या पानावर रंगणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. एकच प्रश्न दोन तऱ्हांनी येत होता तिथे उत्तर एकदाच दिलं आहे आणि दुसरीकडे त्याचा क्रमांक.

१. महेश्वर इंदूरच्या अलीकडे आहे की पलीकडे?

महाराष्ट्रातून रस्त्याने येत असाल तर अलीकडे. धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा-मुंबई रस्त्याने वर आलात की खलघाटला पुलावरून नर्मदा ओलांडता, मग धामनोद लागतं. तिथून उजवीकडे वळलं की साधारण १३ किलोमीटरवर महेश्वर. बहुतेक पाहुणे सरळ इंदूरला येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विंध्याचा घाट उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. येताना किंवा परतताना एक मुक्काम महेश्वरला ठेवला तर हा हेलपाटा वाचतो.

गाव खरगोन जिल्ह्यात, निमाड भागात, नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे इंदूरच्या एखाद्या वॉर्डाएवढी.

२. इंदूरहून किती वेळ लागतो? कोणत्या रस्त्याने जावं?

अंतर ९० ते ९५ किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. नेहमीचा रस्ता राऊ, महू, मानपूर, धामनोद. रस्ता चौपदरी आहे, पण वाटेतला गणपती घाट उतारावर ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम आहे. उतरताना मागे लांबलचक ट्रेलर असेल तर त्याला आधी जाऊ द्या, घाई करू नका.

दुसरा रस्ता महूहून जाम गेटमार्गे मंडलेश्वरला उतरतो आणि तिथून महेश्वर आठ-दहा किलोमीटर. जाम गेट म्हणजे अहिल्याबाईंच्या काळातला दगडी दरवाजा, अगदी माळव्याच्या पठाराच्या कडेवर. दरवाजातून पाहिलं की खाली अख्खं निमाड पसरलेलं दिसतं. माळवा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि महेश्वर जेमतेम दीडशेवर, हा फरक तिथे उभं राहिल्यावरच कळतो. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र अर्धं इंदूर तिथे भुट्टे खात असतं, त्यामुळे त्या दिवशी हा रस्ता टाळलेला बरा.

३. रेल्वेने जाता येतं का?

नाही. महेश्वरला स्टेशन नाही. इंदूरपर्यंत रेल्वेने या, पुढे बस किंवा टॅक्सी. थेट बस मिळाली तर उत्तम, नाहीतर धामनोदला उतरून दुसरी बस किंवा सवारी गाडी पकडायची. इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

४. मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर एका दिवसात होतात का?

गाडीच्या मीटरवर होतात. मांडू महेश्वरपासून ४० किलोमीटरच्या आसपास, ओंकारेश्वर ६५ च्या आसपास, त्यामुळे नकाशा पाहून सगळ्यांना मोह होतो. पण मग महेश्वरच्या वाट्याला दुपारचे दोन तास येतात, आणि तेच सगळ्यात वाईट. दुपारी घाटाचा दगड तापलेला असतो, मंदिरांचे दरवाजे लागलेले असतात आणि विणकर जेवायला घरी गेलेले असतात. इथलं जे काही आहे ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. म्हणून एक रात्र मुक्काम करा. ते जमत नसेल तर मांडू सोडा आणि पहाटे इंदूरहून निघा.

५. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निमाडचा उन्हाळा माळव्यासारखा नाही. इंदुरात मे महिन्यातही रात्री वारा सुटतो, तसं इथे काही होत नाही. श्रावणी सोमवारी गर्दी असते, पण गावाला रंग चढतो. नर्मदा जयंतीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, संध्याकाळी नदीत दिवे सोडतात. त्या दिवशी राहायची सोय आधीच करून ठेवा. पावसाळ्याबद्दल प्रश्न १४ वाचा.

६. घाटावर नेमकं काय पाहायचं?

आधी नुसतं बसा. पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसलात की समोर दक्षिण, आणि नर्मदा डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे वाहते. पाठीमागे किल्ल्याची भिंत उभीच्या उभी वर गेलेली. अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट अशी घाटांची नावं आहेत, पण पाटी वाचल्याशिवाय एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे समजत नाही. पात्राच्या मधोमध खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथे नावेने जातात (नर्मदा परिक्रमेत असाल तर मात्र प्रश्न १६ आधी वाचा).

घाटावरून मोठ्या कमानीतून वर पायऱ्या चढल्या की डाव्या-उजव्या बाजूला अहिल्येश्वर मंदिर आणि समोरची छत्री. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम डोळ्याच्या पातळीवर आहे, मान वर करावी लागत नाही. तिथल्या दगडातल्या लाटा, चटई आणि फुलं नीट पाहून ठेवा. नंतर साडीच्या दुकानात त्याच काठावर भेटतील.

आणखी एक गोष्ट सकाळीच पाहायला मिळते, ती म्हणजे पार्थिव लिंगार्चन. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे ब्राह्मण काळ्या मातीची बोटाच्या पेरापेक्षाही लहान शिवलिंगं पाटावर रांगेने मांडतात, पूजा करतात आणि सगळी नर्मदेत सोडतात. मातीचा गोळा अंगठ्याने दाबून पाटावर टेकवण्याचा वेग पाहण्यासारखा असतो. गप्प राहून बाजूला बसलं तर कोणी उठवत नाही.

७. महेश्वरचा राजवाडा इंदूरच्या राजवाड्यासारखा आहे का?

अजिबात नाही. इंदूरचा सात मजली दरवाजा डोक्यात ठेवून येणारे इथे हमखास विचारतात, “एवढंच?” हो, एवढंच. लाकडी खांब, ओसरी, चौक, उतरती छपरं असा सरळ मराठी वाडा. सातारा-वाईकडच्या माणसाला आजोळी आल्यासारखं वाटेल. अहिल्याबाईंची गादी, पालखी, शस्त्रं आणि देवघर पाहता येतं. देवघरातला सोन्याचा झुला हीच काय ती श्रीमंती. किल्ल्याचा एक भाग होळकर घराण्यातल्या रिचर्ड होळकरांनी हॉटेल म्हणून चालवायला घेतला, त्या भागात पाहुण्यांखेरीज इतरांना सरसकट सोडत नाहीत.

८. अहिल्याबाईंनी इंदूर सोडून महेश्वर का निवडलं?

सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी. पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात १७५४ मध्येच पडले होते. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांच्या सल्ल्याने राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले आणि बाईंनी लढाईची तयारी दाखवल्यावर माघारी फिरले. त्यानंतर कारभार हाती आला तेव्हा त्यांनी राजधानी महेश्वरला नेली. सेनापती तुकोजी होळकर बहुतेक काळ मोहिमांवर, आणि राज्य चालायचं नर्मदेकाठच्या या वाड्यातून, १३ ऑगस्ट १७९५ ला बाई जाईपर्यंत.

शिवभक्ती हे कारण सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. हुकूमनामे “श्रीशंकर आज्ञेवरून” निघत. पण नकाशाही पाहा. पुण्याहून उत्तरेत जाणाऱ्या माणसाला, पत्राला, फौजेला नर्मदा ओलांडावीच लागे, आणि ती ओलांडण्याच्या जागांपैकी ही एक. पाठीशी विंध्य, पुढ्यात नदी, हाताशी किल्ला. इंदूर तेव्हा फार मोठं गावही नव्हतं. माझ्या मते नुसत्या तीर्थासाठी जायचं असतं तर त्या ओंकारेश्वरी राहिल्या असत्या. पेशव्यांचे वकील इथे बसून पुण्याला मराठीत बातमीपत्रं पाठवत, यावरूनही जागेचं महत्त्व कळतं.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी इथे आले आणि बाईंच्या बोलण्यावरून लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, ही कथाही याच दरबारची.

९. मग राजधानी परत इंदूरला कधी आली?

१८१८ मध्ये, इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर. त्याआधी यशवंतराव होळकरांच्या काळात काही वर्षं भानपुराही मुख्य ठिकाण होतं.

१०. बाईंची मुलगी सती गेली, त्यांनी अडवलं कसं नाही?

अडवायचा प्रयत्न केला, विनवण्या केल्या, ती ऐकली नाही. मुक्ताबाईंचा मुलगा आधीच गेला होता, आणि १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसे वारल्यावर त्या महेश्वरलाच सती गेल्या. ज्या बाईला खुद्द मल्हाररावांनी सती जाण्यापासून परावृत्त केलं, तिलाच लेकीची चिता पाहावी लागली. गाइड हे घाटावर मोठ्या आवाजात रंगवून सांगतात. तेवढा आवाज गरजेचा नाही.

११. अहिल्येश्वरासमोरची छत्री कुणाची?

विठोजी होळकरांची. पुण्याच्या लोकांनी हे नाव ऐकलं असेल, कारण दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतरावाने पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव करून हिशेब चुकता केला, आणि त्यातूनच बाजीराव वसईला इंग्रजांकडे गेला. छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे. हत्ती तर पुष्कळ छत्र्यांवर असतात, पण इथे ते पाहताना पाय थबकतो.

१२. होळकरांच्या आधी इथे काही होतं का? सिनेमातलं माहिष्मती हेच का?

सिनेमातलं राज्य काल्पनिक आहे. नाव मात्र खरं आणि फार जुनं. माहिष्मती ही अवंती या प्राचीन राज्याच्या दक्षिण भागाची राजधानी, आणि ती म्हणजे महेश्वर असं बरेच अभ्यासक मानतात. ओंकार मांधाताचा, म्हणजे ओंकारेश्वरचा, पक्ष घेणारेही आहेत. एका पाली ग्रंथात प्रवासाची वाट दिली आहे: प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, पुढे विदिशा. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. प्रश्न १ मधला रस्ता यापेक्षा फार वेगळा नाही.

त्याहून मागे जायचं तर समोरच्या तीरावर नावडाटोलीला जा. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठही त्यात होतं. ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातलं खेडं निघालं. गोल आणि चौकोनी कुडाच्या झोपड्या, चुली, लाल भांड्यांवर काळी नक्षी, गहू आणि मसुरासारख्या डाळींचे जळके दाणे. आज तिथे पाहायला टेकाडाशिवाय विशेष काही नाही, हे आधीच सांगतो. नावेने पलीकडे जाऊन तिथून महेश्वरचा किल्ला पाहणं हा त्यातला खरा फायदा. संपूर्ण घाट एका नजरेत फक्त त्याच बाजूने येतो.

१३. सहस्रधारा आणि राजराजेश्वर मंदिराचा काय संबंध?

सहस्रार्जुन. हैहय राजा कार्तवीर्याने हजार हातांनी नर्मदा अडवली, फुगलेल्या पाण्यात रावणाची शिवपूजा वाहून गेली, रावण चिडून लढायला आला आणि कैदेत पडला, अशी पुराणकथा. राजराजेश्वर मंदिर याच राजाचं मानतात, तिथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवतात. गावाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर खडकांच्या रांगांमुळे नदी असंख्य धारांत फुटते, ती सहस्रधारा. २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या प्रवाहातली नौकाशर्यत, इथेच भरली होती. खडक निसरडे आहेत आणि प्रवाह फसवा. फोटो काठावरून काढा.

१४. घाटावर स्नान करणं सुरक्षित आहे का? धरणांमुळे महेश्वर बुडणार होतं ना?

गाव बुडालं नाही. सरदार सरोवर खालच्या अंगाला, गुजरातेत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा धार-बडवानीकडची चिखलदा, निसरपूरसारखी गावं पाण्यात गेली. महेश्वरच्या नावाचा ४०० मेगावॅटचा वीजप्रकल्प मंडलेश्वरजवळ, म्हणजे वरच्या अंगाला आहे. विस्थापितांचं दीर्घ आंदोलन आणि पैशांचे घोळ यांत तो वर्षानुवर्षं रखडला. घाटावरून दिसेल म्हणून शोधू नका.

स्नानाचा प्रश्न वरच्या धरणांशी जोडलेला आहे. ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर इथून पाणी सोडलं की ऊन असताना, पाऊस नसताना पातळी वाढते. २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला असंच अचानक पाणी येऊन अनेक यात्रेकरू वाहून गेले. म्हणून खालच्या ओल्या पायऱ्यांवर सामान ठेवून लांब जाऊ नका, मुलांना साखळीच्या आत ठेवा, आणि नाववाला “आज नको” म्हणाला तर हुज्जत घालू नका. पावसाळ्यात पूर आला की नावा बंद असतात आणि घाटाचा बराच भाग पाण्याखाली जातो.

इंदूरकरांसाठी जोडप्रश्न: आपल्या नळाला येतं ते पाणी इथलंच का? जवळजवळ. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी पंपाने विंध्य चढवून इंदूरला आणतात, १९७० च्या दशकाच्या अखेरपासून. इंदुरात “आज नर्मदा आली नाही” म्हणजे नळाला पाणी नाही.

१५. खरी माहेश्वरी साडी कशी ओळखावी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्या बहुतेक मावश्या दुकानात उभ्या राहून फोन करतात.

माहेश्वरीचा ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो, तिला गर्भरेशमी म्हणतात. पूर्वी ती निव्वळ सुती होती, रेशीम विसाव्या शतकात आलं. त्यामुळे ती हलकी पडते आणि तरीही चोळामोळा होत नाही. अंग बहुधा साधं, रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं. काठावर लहर, चटई, वीट, हिरा, चमेली. अनेक साड्यांचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणजे साडी उलटी-सुलटी नेसता येते. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक छिद्रं दोन्ही किनारींना राहतात. ती नसतील आणि वीण यंत्रासारखी एकसारखी असेल तर शंका घ्या. हँडलूम मार्क मागा. छापील नक्षी असलेली “माहेश्वरी” हातमागाची असू शकते, पण ती जुनी रीत नव्हे.

विणकर बहुतेक मोमीन अन्सारी आणि मारू समाजाचे. बाईंनी बुऱ्हाणपूर, सुरतकडून विणकर आणून वसवले असं सांगतात. पाहुण्या सरदारांना आणि नातलगांना भेट द्यायला नऊवारी आणि पागोटी इथेच विणली जात. संस्थानं गेल्यावर माग बंद पडत चालले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी काढली, आणि बायका मागावर बसू लागल्या. किल्ल्यातल्या त्यांच्या विणकामशाळेत खटखट ऐकत उभं राहता येतं. तिथे एकदा तासभर थांबलात की नंतर दुकानात घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

१६. आम्ही परिक्रमेत आहोत. बाणेश्वरला किंवा नावडाटोलीला नावेने गेलं तर चालतं का?

नाही. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिची धारा ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा मूळ नियम. महेश्वर उत्तर तीरावर आहे, म्हणजे समुद्राजवळ तीर बदलून पूर्वेकडे परतताना लागतं. नावडाटोली पलीकडच्या तीरावर, तिथे आत्ता जायचंच नाही. बाणेश्वर प्रवाहाच्या मधोमध आहे, म्हणून घाटावरूनच हात जोडतात. ओंकारेश्वराहून उचलणारेही परिक्रमा पुरी होईपर्यंत बेटावरच्या मंदिरात जात नाहीत, तोच न्याय इथे. उपनद्या ओलांडायला हरकत नसते.

गाडीने परिक्रमा करणारे विचारतात, आम्हालाही हे लागू का? हो, पुलावरून नर्मदा ओलांडली तरी ती ओलांडलीच. धामनोदहून चुकून खलघाटच्या पुलाकडे वळू नका. चातुर्मासात परिक्रमा थांबवून एका जागी राहतात, त्या काळात महेश्वर-मंडलेश्वरला बरेच परिक्रमावासी भेटतात.

१७. गावात मराठी चालतं का? खायला काय मिळतं?

बोली निमाडी, व्यवहार हिंदीत. होळकरांबरोबर आलेल्या काही घरांत मराठी टिकून आहे, आणि साडीवाल्यांना “काठ”, “पदर”, “नऊवारी” समजतं. संत सिंगाजींची भजनं ऐकायला मिळाली तर थांबा, निमाडीतली आहेत पण वारकरी कानाला परकी वाटत नाहीत.

सकाळी पोहे-जलेबी इंदूरसारखेच. कोणा निमाडी घरी जेवायचा योग आला तर ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी मागा. मिरची खरगोन जिल्ह्याची आहे, बेताने घ्या.

दारूबद्दल दबक्या आवाजात विचारणाऱ्या काकांसाठी: जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरलाच झाली, तिच्यात धार्मिक नगरांमधली दारूदुकानं बंद करायचं ठरलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ती बंद आहेत. मंडलेश्वरही त्याच यादीत आहे, तेव्हा तिकडे चक्कर मारण्यात अर्थ नाही.

१८. घाटावर सिनेमाचं शूटिंग चालू असेल तर जाऊ देतात का?

शूटिंग इथे नेहमीचं झालं आहे, त्यामुळे ही शंका रास्त आहे. साधारणपणे घाटाचा एखादा तुकडा अडवतात, सगळा नाही. मंदिरात जाण्याची वाट वरून, किल्ल्याच्या बाजूनेही आहे, ती धरा. लिंगार्चनाला आणि स्नानाला येणारे गावकरी आपल्या वेळेवर येतात, त्यांच्या मागोमाग चालत राहिलात तर बहुतेक वेळा कोणी हटकत नाही. मुक्काम ठरवताना मात्र हॉटेलवाल्याला आधी विचारा, कारण युनिट उतरलं असेल तर गावातली एकूण एक खोली गेलेली असते. मग रात्रीला धामनोद किंवा मंडलेश्वर.